पायथनमध्ये ‘क्षितिजा’चे पहिले अक्षर ‘क’ का येते?

प्रश्न: नमस्कार. पायथन या संगणकभाषेत वर्गातील मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या छापताना प्रत्येक नावाचे पहिले अक्षर मोठे दाखवायचे आहे. नाव[०] (मोजणी शून्यापासून होत असल्याने पहिला घटक) लिहिल्यावर ‘समीर’चा ‘स’ बरोबर येतो, पण ‘क्षितिजा’चा नुसता ‘क’ येतो. [०:४] असा स्लाइस (मजकुराचा तुकडा) घेतला तर ‘क्षि’ मिळते, मात्र तोच स्लाइस ‘समीर’ला लावला की पूर्ण नावच छापले जाते. शिवाय ० ते ४ म्हटल्यावर पाच घटक यायला हवेत ना? (प्रत्यक्ष कोडमध्ये अंक इंग्रजीच आहेत.)

उत्तर १: आधी शेवटची शंका. स्लाइसमध्ये सुरुवातीचा क्रमांक धरला जातो आणि शेवटचा वगळला जातो. त्यामुळे शेवटातून सुरुवात वजा केली की लांबी मिळते आणि नाव[:४] व नाव[४:] जोडले की मूळ नाव जसेच्या तसे परत येते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात याच पद्धतीची बाजू मांडली होती आणि ती मला पूर्णपणे पटते.

आता मूळ अडचण. पायथन आपली अक्षरे मोजत नाही, युनिकोडचे (प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीचे) घटक मोजतो. ‘क्षितिजा’ म्हणजे क, हलन्त चिन्ह, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज आणि काना असे आठ घटक. म्हणून [०:२] घेतल्यास पाय मोडलेला ‘क्’ हाती येतो, आणि ‘ज्ञानेश्वर’ [::-१] ने उलटे केल्यास ‘रव्शेनाञ्ज’ असे विचित्र काहीतरी दिसते.

उत्तर २: ठरावीक क्रमांकाचा स्लाइस इथे चालणारच नाही, अक्षर कुठे संपते ते शोधावे लागेल. पहिला घटक घ्यावा आणि पुढचा घटक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार किंवा हलन्त चिन्ह असेल, अथवा आधीचा घटक हलन्त चिन्ह असेल, तोपर्यंत पुढे जात राहावे. पायथनसोबतच येणाऱ्या युनिकोडडेटा या मॉड्यूलमध्ये (तयार कोडच्या संचात) या सर्व चिन्हांचा वर्ग ‘एम’ने सुरू होतो, त्यामुळे तपासणी एका ओळीत होते. तयार साधन वापरायचे असल्यास ते युनिकोड १५.१ किंवा त्यानंतरच्या नियमांवर चालते याची खात्री करावी, कारण त्याआधीचे नियम जोडाक्षर हलन्तापाशीच तोडत असत.

उत्तर ३: वरील नियमाला एक पुरवणी. ‘ऱ्हास’मधील ‘ऱ्ह’ काहीजण र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून टंकलिखित करतात. त्या चिन्हालाही हलन्तासारखेच वागवले नाही, तर अक्षर अर्ध्यावर तुटते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. उत्तर २ मधील नियम पुरवणीसह लिहून पाहिला: ‘क्षितिजा’चे ‘क्षि’, ‘श्रीपाद’चे ‘श्री’ आणि ‘समीर’चा ‘स’ आला. चिठ्ठ्या आज छापायला देतो.