कॅस्पियन वाघ परत आणतायत म्हणे. पण तो तोच का?

गवतीचहा
कॅस्पियन वाघ संपला त्याला पन्नासेक वर्षं झाली. तुर्कस्तानात उलुदेरेजवळ १९७० मध्ये मारलेला वाघ ही शेवटच्या पक्क्या नोंदींपैकी एक. तुर्कस्तान-इराणपासून पार अमू दर्या आणि इली नदीपर्यंत हा नदीकाठच्या बोरूच्या (पाणथळीतल्या उंच गवताच्या) रानात राहायचा, रानडुकरांवर जगायचा. झारच्या रशियाने बक्षिसं लावून त्याला मारवलं. मग सोव्हिएत काळात ती रानं कापून कापूस लावला. डुकरं गेली, आडोसा गेला, वाघ गेला.

आता कझाकस्तानने २०१८ मध्ये इली जिथे बाल्खाश सरोवराला मिळते तिथे चार हजार चौ. किमी.हून मोठं क्षेत्र राखीव केलंय. बुखारा हरणं सोडली. २०२४ मध्ये नेदरलँड्समधून सैबेरियन वाघांची एक जोडी आणली. पुढे रशियातून रानातले वाघ आणायचा बेत आहे. माझ्या मते हे व्हायलाच हवं. बोला.

खडूस_मास्तर
सैबेरियन आणायचा आणि कॅस्पियन म्हणायचं? देवगडचा हापूस संपला म्हणून पायरीचं कलम लावायचं आणि पेटीवर 'देवगड' छापायचं, त्यातला प्रकार.

गवतीचहा
मास्तर, उदाहरण गोड आहे पण आंबा चुकला. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासून २००९ मध्ये एक अभ्यास आला. कॅस्पियन आणि सैबेरियन यांच्यात डीएनएच्या फक्त एका अक्षराचा फरक निघाला. मुळात एकच गोतावळा, मधली साखळी माणसाने तोडली. म्हणजे हापूसच, फक्त रत्नागिरीचा.

खडूस_मास्तर
मायटोकाँड्रिया म्हणजे निव्वळ आईकडचं घराणं. त्यावरून अख्खी कुंडली मांडू नका. आणि रत्नागिरीवाल्याला विचारा, आपला आंबा देवगड म्हणून विकलेला चालेल का ते.

चिकूपिकू
बाळबोध प्रश्न: क्लोन नाही का करता येणार?

गवतीचहा
कातड्यातला डीएनए तुकड्यातुकड्यांत असतो. आणि सख्खा भाऊ जिवंत असताना मेलेल्याला उठवायचं कशाला? शिवाय २०१७ पासून मार्जारतज्ज्ञांचा एक गट वाघाच्या दोनच उपजाती धरतो, आशियाच्या मुख्य भूमीवरची आणि सुंदा बेटांवरची (सुमात्रा, जावा वगैरे). ते मानलं तर कॅस्पियन, सैबेरियन आणि आपला ताडोबाचा, सगळे एकाच घरचे.

वरोरानाका
घर एक आहे तर सांगतो, आम्ही त्याच घराच्या ओसरीवर राहतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीने मारल्या. सकाळी लवकर जावं लागतं, वाकून तोडावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही. इथं मेल्यावर २५ लाख मिळतात. पंचनामा होतो, फोटो निघतो. पुढच्या वर्षी त्याच घरची सून त्याच रानात जाते, कारण मे महिन्यात दुसरा पैसा नाही.

तुम्ही डीएनए मोजा. इलीकाठच्या मेंढपाळाच्या तीन पिढ्यांनी वाघ पाहिलेला नाही. रात्री जनावर बांधायचं कुठं, पोराला एकटं पाठवायचं का, हे त्याला कोण शिकवणार? आमचे आजे शिकले होते, तरी माणसं मरतात.

गवतीचहा
मान्य, हा मुद्दा डीएनएपेक्षा जड आहे. पण तिथे वस्ती आपल्या तुलनेत फारच विरळ.

वरोरानाका
विरळ म्हणजे रिकामी नव्हे. आणि वाघ नकाशा वाचत नाही. आमच्या ताडोबाची झीनत आठवते? २०२४ मध्ये ओडिशात सिमिलीपालला नेऊन सोडली. बाई झारखंड ओलांडून बंगालात बांकुड्यापर्यंत गेली. डिसेंबरअखेर बेशुद्ध करून पकडावी लागली. ती तर खाऊनपिऊन जंगलात वाढलेली वाघीण.

पाणकोंबडा
सगळे वाघाबद्दल बोलतायत, बोरूबद्दल कोणीच नाही. इलीचं पाणी चीनमधून येतं आणि तिकडे शेतीला उपसा वाढलाय. १९७० पासून इलीवरचं कापचागाय धरण भरायला लागले तेव्हा बाल्खाशची पातळी खाली गेली होती. आता सरोवराच्या काठी उल्केनला अणुवीज प्रकल्प येतोय, २०२४ च्या सार्वमतात लोकांनी होकार दिला. पाणी आटलं की बोरू वाळणार, डुकरं हलणार. मग वाघ कुठलाही आणा, रत्नागिरीचा की देवगडचा.

गवतीचहा
उलट वाघाच्या नावाने तरी पाण्याचा हट्ट धरता येईल! नुसत्या बोरूसाठी कोणतं सरकार भांडतं?

पाणकोंबडा
बीजिंग आणि अस्ताना (कझाकांची राजधानी) यांच्यात पाण्याची बोलणी वाघ बघून होत नाहीत हो.

खडूस_मास्तर
इराणचंही सांगून ठेवतो. २०१० मध्ये त्यांनी बिबटे देऊन रशियाकडून सैबेरियन वाघांची जोडी घेतली, उद्देश हाच. वर्ष संपायच्या आत तेहरानच्या प्राणिसंग्रहालयात नर ग्लँडर्सने मेला. हा घोड्या-गाढवांचा रोग. दूषित मांसातून आला. साधं ताटातलं मांस सांभाळता आलं नाही.

गवतीचहा
म्हणूनच कझाकांनी आधी हरणं सोडली, वाघ नंतर. नेदरलँड्सची जोडीही रानात सोडायची नाहीये. ती कुंपणातच राहणार, पिल्लं झाली तर ती सोडायची.

वरोरानाका
पिल्लाला शिकार कोण शिकवणार? आईच पिंजऱ्यातली.

खडूस_मास्तर
पिल्लं झाली की धागा वर काढा. तोवर मी पायरी खातो.