पाण्याची टाकी टपावर नको
वीस जणांना घेऊन देशोदेशी लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या ट्रकच्या टपावर हजार लिटरची पाण्याची टाकी बसवायचा बेत केला असेल, तर तो सोडा भावा. हजार लिटर म्हणजे एक टन, तोही माथ्यावर. वळणाला गाडी कलंडायची. पिणं-स्वयंपाकाला रोज माणशी 5 लिटर, धुण्याभांड्याला 5, तीन दिवसांचे 600 लिटर बास. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या 300-300 लिटरच्या दोन टाक्या बनवून चेसिसच्या दोन्ही बाजूंना खाली बसवा. आत भोकं पाडलेल्या पडद्या हव्यातच, नाहीतर ब्रेक मारला की पाणी आदळून आदळून वेल्ड उकलतो. तळाला ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडून द्यायची तोटी ठेवा: ताजिकिस्तानातल्या पामीर डोंगरांमधली आक-बैताल खिंड 4655 मीटरवर आहे, रात्री पाणी गोठलं की पाइप तडकतो. आणि गाडी परदेशात तात्पुरती नेण्याचं कस्टमचं कागदपत्र, म्हणजे कार्ने, लागतं तिथं त्यावर बाहेर पडतानाचा शिक्का बघूनच निघा. तो राहिला तर हमीची रक्कम अडकते.