खुनी न दाखवता संपणारा चित्रपट

प्रश्न (पणजीहून): काल रात्री 2003 सालचा कोरियन चित्रपट ‘मेमरीज ऑफ मर्डर’ पाहिला आणि बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळे की काय, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. ह्वासोंग येथे 1986 ते 1991 या काळात झालेल्या खुनांवर तो बेतलेला आहे. शेवटी गुन्हेगार दाखवण्याऐवजी माजी तपास अधिकारी नुसता आपल्याकडे टक लावून पाहतो. ही दिग्दर्शकाची पळवाट समजावी का?

उत्तर (मडगावहून): मुळीच नव्हे. तेव्हा खुनी सापडलाच नव्हता, आणि तो प्रेक्षागृहात बसलेला असू शकेल या विचारानेच ती नजर योजली होती. 2019 मध्ये डीएनएवरून जो उघडकीस आला, तो वेगळ्या खुनासाठी आधीपासूनच जन्मठेप भोगत होता. मुदत उलटून गेल्यामुळे या खुनांचा खटला मात्र त्याच्यावर चालवता आला नाही.

उत्तर (फोंड्याहून): मला कोठडीतली मारहाण अधिक बोचली. बुटावर कापडी खोळ चढवून संशयितांना लाथा घालणारा तो अधिकारी हास्यास्पद वाटता वाटता भयंकर होतो. प्रत्यक्षातही एका निरपराध माणसाने सुमारे 20 वर्षे तुरुंगात काढली. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले ते 2020 मध्ये. आमच्या तालुक्यात 2009 मध्ये तरुणींच्या खुनांची मालिका उघडकीस आली होती, त्यामुळे असे चित्रपट आमच्या घरी कुणी सहजपणे लावत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पुन्हा पाहीन, पण दिवसाउजेडी.