पडद्यावरचा देव आणि आमचा राखणदार

प्रश्न (वेंगुर्ला): २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटातला हस्तर हा पुराणांत नसलेला, कल्पित देव आहे, तरीही तो आपल्या कोकणच्या मातीतलाच का वाटतो?

उत्तर (गुहागर): देव कल्पित असला तरी पाऊस, वाडा आणि भूक खरी आहे. सोने मिळालेला, पण धान्य नाकारला गेलेला हस्तर पिठाच्या बाहुलीला भुलतो, ही प्रतिमा मला विलक्षण वाटते.

उत्तर (कुडाळ): मला मात्र २०२२ चा कन्नड ‘कांतारा’ अधिक जवळचा वाटला, कारण त्यातली पंजुर्ली ही तुळुनाडूत (कर्नाटक-केरळच्या किनारपट्टीवरचा तुळू भाषकांचा प्रदेश) भूतकोलात (दैवतांच्या नृत्य-पूजाविधीत) आजही पुजली जाणारी देवता आहे आणि आपण राखणदाराला (गावाचे, जमिनीचे रक्षण करणाऱ्या देवाला) गाऱ्हाणे घालतो, तसेच तिथली माणसेही जमिनीविषयी देवतेशी बोलतात.

वेंगुर्ला: खरे आहे, हस्तरला कोणी गाऱ्हाणे घालत नाही.