पार्किन्सन्सच्या गटात संशोधनाच्या बातम्या याव्यात की नकोत?

निवांतवेल (धागाकर्ती)

आमच्याकडे पार्किन्सन्सच्या शुभार्थी-शुभंकरांचा, म्हणजे रुग्णांचा आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांचा, एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. नव्या संशोधनाचे दुवे गटात टाकण्यास बंदी करावी की नाही, यावर तिथे दोन आठवडे वाद चालू आहे आणि रविवारी मतदान आहे. मी बंदीच्या बाजूची आहे.

मागच्या उन्हाळ्यात गटात खाजकुयलीच्या बियांवरील एका अभ्यासाचा दुवा आला. अभ्यास खरा होता. लंडनमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बियांच्या चूर्णाचा असर साधारण ३५ मिनिटांत, तर नेहमीच्या गोळीचा तासाभरानंतर दिसला होता. मात्र त्यात रुग्ण केवळ ८ होते आणि त्यांना एकेक मात्राच देऊन पाहिली होती. माझ्या आईने यातले 'लवकर असर' एवढेच वाचले आणि गोळ्या चालू ठेवून ती सकाळ-संध्याकाळ चमचाभर चूर्ण घेऊ लागली. आम्हाला तिने सांगितले नाही, कारण झाडपाल्याचे औषध सांगण्यासारखे तिला वाटलेच नाही. कुयलीच्या बियांत गोळीतले मुख्य औषध लेवोडोपाच असते आणि गोळीतले कार्बिडोपा त्या जादा लेवोडोपालाही मेंदूपर्यंत पोहोचायला मदत करते, म्हणजे ती नकळत औषधाची मात्रा वाढवत होती, हे तिला कोण सांगणार? आठव्या दिवशी दुपारच्या चहाला बसली असताना तिचे खांदे, मान आणि दोन्ही पाय वेगवेगळ्या तालात हलत होते आणि कप सांडू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरला होता. उठताना रक्तदाब उतरला आणि ती ओट्याला धरून खाली बसली. हाड मोडले नाही, हेच नशीब.

दुवा टाकणाऱ्या काकांचा हेतू चांगलाच होता. पण आजाराने गांजलेल्या माणसाला आपल्याच गटातून आलेली बातमी ही बातमी वाटत नाही, सल्ला वाटते.

जुनापिंपळ

आपल्या आईंना झालेला त्रास वाचून वाईट वाटले, तरीही बंदीला माझा ठाम विरोध आहे.

माझ्या वडिलांना प्रामिपेक्सोल, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखे काम करणारे पार्किन्सन्सचे औषध, सुरू झाल्यावर काही महिन्यांत कंप कमी झाला आणि घरात सगळे समाधानी होते. मग एके दिवशी बँकेत जाताना पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरातून लॉटरीच्या तिकिटांचा गठ्ठा निघाला. आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेला हा माणूस निवृत्तिवेतनातून रोज तिकिटे घेत होता, आणि आम्ही त्यांच्या स्वभावाला दोष देत होतो. आमच्याच गटातील एका ताईंनी टाकलेल्या लेखामुळे उलगडा झाला. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सच्या ११ रुग्णांमधील जुगाराच्या वेडाची नोंद केली होती आणि त्यांपैकी ९ जण हेच औषध घेत होते. पुढे २०१० मध्ये ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रामिपेक्सोलच्या जातीची औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांत जुगार, बेसुमार खरेदी किंवा अनावर खाणे यांसारखा एखादा अनावर ओढा आढळला.

आम्हाला तपासणीच्या दहा मिनिटांत याविषयी कोणी अवाक्षर सांगितले नव्हते. लेख घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली आणि तिकिटे थांबली. बंदी असती तर वडील आजही आमच्या लेखी जुगारी ठरले असते.

निवांतवेल

आपण लेख घेऊन डॉक्टरांकडे गेलात, माझी आई वाण्याकडे गेली. नियम करताना दुसऱ्या प्रकारच्या वाचकाचाच विचार करावा लागतो.

तळटीप

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. 'छोटे अभ्यास टाकू नका, मोठे टाका' असा मधला मार्ग लवकरच कोणीतरी सुचवील, म्हणून आधीच एक उदाहरण देतो.

मधुमेहावरच्या एक्झेनाटाइड या इंजेक्शनाची पार्किन्सन्सवर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रुग्ण ६२, कालावधी ४८ आठवडे, अर्ध्यांना खोटे इंजेक्शन, आणि कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नाही व तपासणाऱ्यालाही नाही. म्हणजे चाचणीची पद्धत चोख होती. इंजेक्शन थांबवून १२ आठवडे उलटल्यावरही हालचालींच्या गुणांकनात थोडा फरक दिसला. माझ्या माहितीतल्या प्रत्येक गटात ती बातमी फिरली, काही ठिकाणी तर 'आजार थांबवणारे औषध' म्हणून. त्याच चमूने १९४ रुग्णांवर ९६ आठवड्यांची मोठी चाचणी केली आणि २०२५ मध्ये निष्कर्ष आला की काहीही फायदा नाही. ही दुसरी बातमी किती गटांत पोहोचली? माझ्याकडे ती एकदाही फॉरवर्ड होऊन आली नाही.

खरी गोम इथे आहे. आशेची बातमी आपण सगळे पुढे ढकलतो, पण ती खोटी ठरल्याचे कळवायला कोणी बांधील नसतो. बंदीने हे सुधारणार नाही, आणि मोकळीक दिल्यानेही नाही. जो पहिला दुवा टाकील त्यानेच त्या औषधाचा पुढचा निकालही कळवावा, एवढी एक अट मला पटते.

जुनापिंपळ

अट चांगली आहे, पण आठ वर्षे पाठपुरावा करणार कोण? आमच्या गटात वाढदिवसांची यादी वर्षभर टिकत नाही.

सायंतारा

मी स्वतः शुभार्थी आहे. निदानाला नऊ वर्षे झाली. वरची चर्चा मन लावून वाचली, परंतु आम्ही काय वाचावे हे ठरवताना आम्हाला कोणी विचारलेले दिसत नाही.

'लेवोडोपाची गोळी पाच वर्षांनी निकामी होते, म्हणून जितकी लांबवाल तितकी बरी' असे मला सुरुवातीला एका परिचिताने सांगितले आणि मी दीड वर्ष गोळी टाळली. सदऱ्याची बटणे बायको लावून देत असे. पुढे गटातच नेदरलँड्समधला २०१९चा अभ्यास वाचला. ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना गोळी लगेच सुरू केली, बाकीच्यांना ४० आठवड्यांनी, आणि ८० आठवड्यांअखेर दोन्ही गटांत फरक नव्हता. गोळी लांबवून मी काहीही वाचवलेले नव्हते. माझे नुकसान संशोधनाने केले नाही, ऐकीव गोष्टीने केले, आणि ऐकीव गोष्टींवर तुमच्या गटात बंदी नाही.

या आजारात झोप मोडते. रात्री अडीच वाजता मी जागा असतो आणि वाचत असतो. गटात दुवे बंद झाले तरी माझे वाचन चालूच राहील. फक्त 'हे घेऊ का?' असे विचारायला सकाळी कोणी नसेल. निवांतवेलताई, आपल्या आईंनीही गटात आधी विचारले असते तर?

निवांतवेल

तिने विचारले होते. गटात नाही, त्या काकांना खासगीत. ते 'घेऊन बघा, नुकसान तर नाही' असे म्हणाले, हे तिने मला काल हा धागा वाचून दाखवल्यावर सांगितले. मी बंदीचा प्रस्ताव अजून मागे घेतलेला नाही. परंतु रविवारी तळटीप यांची अटही मतदानाला ठेवीन, आणि तिच्या जोडीला दुसरी एक मांडीन: दुव्याखालची शंका खासगीत विचारायची नाही, गटातच विचारायची.