बेघरांचा गुणात्मक अभ्यास : किती मुलाखती, कोणाच्या आणि कुठे?

समाजकार्य_इंदूर (प्रश्न)

नमस्कार. मी इंदूरमध्ये समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकत आहे. लघुप्रबंधासाठी 'शहरातील बेघर व्यक्ती आणि रैनबसेरे' हा विषय घेतला आहे. रैनबसेरा, म्हणजे बेघरांसाठीचा रात्रनिवारा, जवळ असूनही उघड्यावर झोपणारी माणसे तिथे का जात नाहीत, हे मला समजून घ्यायचे आहे. आधी प्रश्नावली तयार केली होती. परंतु 'लांब पडतो', 'गर्दी असते', 'माहीत नाही' असे पर्याय आपणच छापून दिले, तर उत्तरेही त्याच चौकटींत येऊन बसतील, असे वाटल्याने ती बाजूला ठेवली आणि सखोल मुलाखती व निरीक्षण यांवर भर देण्याचे ठरवले.

अडचण अशी की, मार्गदर्शकांना आराखड्यातच मुलाखतींची नेमकी संख्या हवी आहे. वर्गातील काही जण बारा म्हणतात, काही तीस. शिवाय रैनबसेऱ्यांत परवानगी काढून बोलणे सोपे आहे. सरवटे बसस्थानकाच्या किंवा एम. वाय. रुग्णालयाच्या परिसरात रात्री जाऊन बोलणे तितके सोपे नाही. केवळ रैनबसेऱ्यांतील मुलाखतींवर काम भागेल का? आणि तोंडी परीक्षेत 'एवढ्याशा लोकांच्या कहाण्यांवरून तुम्ही सिद्ध काय केले?' असे विचारले गेले, तर काय उत्तर द्यावे? अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

रामबागकर

संख्येचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा. आधी आपल्या अभ्यासापुरते बेघर कोण, हे ठरवावे लागेल, कारण त्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. आपली जनगणना रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर उघड्यात राहणाऱ्यांना बेघर धरते. युरोपातील बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या 'फिअँत्सा' या महासंघाचे 'इथॉस' वर्गीकरण याहून बरेच ऐसपैस असून त्यात छप्पर नसलेले, निवारागृहात राहणारे, असुरक्षित घरात राहणारे आणि राहण्यास अयोग्य घरात राहणारे असे चार गट केलेले आहेत. म्हणजे नाल्याकाठच्या बस्तीतले, कोणत्याही दिवशी उठवले जाण्याची भीती असलेले कुटुंबही त्या चौकटीत विचारात घेता येते.

इंदुरात हा प्रश्न फार लवकर समोर येतो. झाबुआ, अलीराजपूर, धार या भागांतून मजुरीसाठी आलेल्या माणसाला घर कुठे आहे असे विचारले, तर तो लगेच गावाचे नाव सांगेल. तिथे त्याचे घर आहे, बहुधा शेताचा तुकडाही आहे, आणि पदपथावर झोपून तो भाड्याचे पैसे वाचवतो आहे. एम. वाय.च्या बाहेर चादर अंथरून पडलेले लोक अनेकदा रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांच्याच शेजारी एखादी म्हातारी खरोखरच कुठेही जायला जागा नसलेली असते. तिघेही रात्री एकाच भिंतीलगत दिसतात, पण रैनबसेऱ्यात न जाण्याची तिघांची कारणे सर्वस्वी वेगळी असणार : मजुराला आपल्या बायकोमुलांसह आणि गाववाल्यांसोबत राहायचे आहे व पहाटे मजूर चौकात सर्वांआधी पोहोचायचे आहे, नातेवाइकाला वॉर्डातून हाक आली तर ऐकू यायला हवी, म्हातारीचे कारण तिच्याकडूनच ऐकावे लागेल. यांपैकी कोणाला घेणार आणि कोणाला वगळणार, हे कारणांसह लिहा. 'बेघरांशी बोललो' एवढेच लिहिलेला प्रबंध मी तरी परत पाठवीन.

आता तुमचा थेट प्रश्न. केवळ रैनबसेऱ्यांत मुलाखती घेऊन अजिबात भागणार नाही. तिथे तुम्हाला रैनबसेरा स्वीकारलेली माणसे भेटतील, आणि तुमचा विषय तो न स्वीकारणाऱ्यांचा आहे. मात्र पूर्वी तिथे राहून बाहेर पडलेली माणसे आवर्जून शोधा. दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसाचे बोलणे तुमच्या कामी सर्वांत जास्त येईल.

याहून सूक्ष्म दोष काळाचा आहे आणि त्याकडे गुणात्मक अभ्यासकांचे हमखास दुर्लक्ष होते. एखाद्या रात्री रस्त्यावर गेल्यावर जो भेटतो, तो बहुधा दीर्घकाळ तिथे असलेला माणूस असतो, कारण दोन आठवड्यांसाठी रस्त्यावर आलेला माणूस त्या नेमक्या रात्री तिथे असण्याची शक्यताच कमी. डेनिस कल्हेन आणि रँडल कुन यांनी न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाच्या निवारागृहांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये दाखवले, की निवाऱ्याचा आधार घेतलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक थोडा काळ राहून निघून जातात. वर्षानुवर्षे राहणारे साधारण १० टक्केच असतात, पण निवाऱ्यातील एकूण मुक्कामाच्या दिवसांचा मोठा हिस्सा तेच व्यापतात. ती आकडेवारी अमेरिकेची आहे, इंदूरला लावू नये. पण इशारा घ्यावा. 'बेघर माणसाची मानसिकता' अशा थाटाची प्रकरणे बहुतेक वेळा जुन्या मुक्कामकऱ्यांशीच बोलून लिहिलेली असतात. म्हणून बसस्थानकावर नुकतेच उतरलेले, पहिल्याच काही रात्री उघड्यावर काढत असलेले लोकही मुद्दाम शोधावेत आणि प्रत्येक मुलाखतीत तो माणूस केव्हापासून रस्त्यावर आहे, मध्ये कुठे राहून आला, याचा क्रम नोंदवावा.

राहिली संख्या. बाराचा आकडा ग्रेग गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ मधील लेखातून आला आहे. घाना व नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासताना बाराव्या मुलाखतीपर्यंत बहुतेक संकल्पना येऊन गेल्याचे त्यांना आढळले. तो आकडा बऱ्यापैकी एकसारख्या गटासाठी आणि ठरावीक प्रश्नांसाठी होता, ही अट मात्र आपल्याकडे कोणी उद्धृत करत नाही. तुमच्याकडे मजूर, वृद्ध, एकट्या स्त्रिया असे भिन्न गट असतील, तर बारा पुरणार नाहीत. आराखड्यात 'वीस ते तीस, नवे मुद्दे येणे थांबेपर्यंत' असे लिहा आणि मार्गदर्शकांना त्यामागचे कारण समजावून सांगा.

आकडेमोड_सुदामानगर

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु प्रश्नावली बाजूला ठेवली म्हणजे आकडेही बाजूला ठेवावेत, असे होऊ नये. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७३ लाख बेघर नोंदले गेले, त्यांपैकी ९.३८ लाख शहरांत. मध्य प्रदेशाचा आकडा सुमारे १.४६ लाख होता. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली, त्यामुळे रात्रभर हिंडणारे, हमाली करणारे, लग्नाच्या मांडवात कामाला गेलेले लोक किती सुटले असतील, याचा अंदाज करावा.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता, की दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असलेला निवारा हवा. इंदूर महापालिका क्षेत्राची २०११ ची लोकसंख्या १९.६ लाखांच्या आसपास होती. त्या हिशेबाने सुमारे दोन हजार जणांची सोय हवी. प्रत्यक्षात किती आहे, ती कुठे आहे आणि नोंदवहीत रोज किती नावे चढतात, हे पाहून घ्या. 'जागा नसते' असे मुलाखतीत कोणी सांगितले आणि त्याच रात्री नोंदवहीत निम्म्या खाटा रिकाम्या दिसल्या, तर खरी चौकशी तिथून सुरू होईल. दारावर ओळखपत्र मागतात का, सामान कुठे ठेवतात, हातगाडीचे काय करायचे, असे साधे प्रश्न त्या वेळी विचारावेत.

वस्ती_कार्यकर्ती

वरच्या दोन्ही उत्तरांत रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या भीतीचा उल्लेख आलेला नाही, आणि इंदुरात तो टाळून चालणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये बेघर वृद्धांना महापालिकेच्या वाहनातून शहराबाहेर क्षिप्रा येथे नेऊन उतरवल्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले आणि त्यावरून अधिकाऱ्याचे निलंबनही झाले. १ जानेवारी २०२५ पासून तर भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा जिल्हा प्रशासनाचा आदेश होता. अशा शहरात कोणी तरुण मुलगी वही आणि मोबाइल घेऊन 'तुम्ही इथे का झोपता?' असे विचारू लागली, तर समोरचा माणूस तिला आधी सरकारी पथकातलीच समजणार. मिळणारे उत्तर त्या समजुतीला दिलेले असते, तुमच्या प्रश्नाला दिलेले नसते.

म्हणून पहिल्या भेटींत ध्वनिमुद्रण करू नका. चहाच्या टपरीवर, अन्नछत्राच्या रांगेत नुसते असणे, तोंडओळख होणे, याला निरीक्षणाचाच भाग समजा. माणूस तयार झाला, की एका जागी बसवून विचारण्यापेक्षा त्याच्याबरोबर चाला : तो कुठे अंघोळ करतो, कपडे कुठे वाळवतो, दुपारी कोणाच्या सावलीत बसतो, हे चालताना आपोआप कळते. या पद्धतीवर मार्गारेथे कुसेनबाख यांनी २००३ मध्ये लिहिलेला लेख मार्गदर्शकांना दाखवता येईल. छायाचित्रांत चेहरा नसला तरी भिंत, फलक, दुकान ओळखू येते, आणि प्रबंधात झोपण्याची नेमकी जागा छापली गेली, तर उद्या ती जागा त्या माणसाकडे राहीलच असे नाही. चौकाचे नाव न लिहिता 'बसस्थानकाजवळचा परिसर' इतकेच लिहावे.

स्त्रिया तुम्हाला सहजासहजी दिसणारच नाहीत. त्या उघड्यावर झोपत नाहीत, जागतात. किंवा आळीपाळीने नातलगांकडे, देवळात, रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्र काढतात. त्यांच्याशी दिवसा बोलावे आणि रात्री एकटीने जाऊ नये.

आणखी एक. 'तुम्ही सांगाल ते कोणालाही कळणार नाही' असे सरसकट वचन देऊ नका. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. ही मर्यादा संमती घेतानाच सोप्या हिंदीत सांगावी. अंगठा घेण्याची घाई करू नये. कागदावरच्या अंगठ्याने या लोकांचे काय काय गेले आहे, ते मुलाखतीत ऐकालच. तोंडी संमती, साक्षीदारासमोर, पुरेशी आहे का, हे महाविद्यालयाच्या समितीला आधी विचारून घ्या.

समाजकार्य_इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हंगामी मजूर आणि एकटे वृद्ध असे दोनच गट घ्यावेत, रुग्णांचे नातेवाईक वगळावेत आणि वगळण्याचे कारण पहिल्याच प्रकरणात द्यावे, असे ठरवत आहे. स्त्रियांसाठी सोबत कोणी मिळते का ते पाहते. तोंडी परीक्षेचा प्रश्न मात्र उरला.

रामबागकर

परीक्षकांना सांगा, की किती टक्के लोक रैनबसेऱ्यात जात नाहीत हे शोधणे या अभ्यासाचे काम नाही. न जाण्याचा निर्णय कसा घडतो, त्यात कामाची वेळ, सामान, सोबत आणि भीती यांचा कोणता क्रम लागतो, हे तुम्ही दाखवत आहात. मग प्रबंधात 'बहुतेक बेघर' हे शब्द एकदाही येता कामा नयेत. ते आले, की परीक्षकांचा आक्षेप योग्यच ठरतो. तुमच्या निष्कर्षाला छेद देणारा माणूस भेटला, उदाहरणार्थ सारी गैरसोय सोसूनही रोज रैनबसेऱ्यातच जाणारा मजूर, तर त्याला तळटीपेत न ढकलता पूर्ण जागा द्या. परिशिष्टात मुलाखतीचे मुद्दे जोडाच. शिवाय ज्यांनी बोलायला नकार दिला, त्यांचीही नाव न देता नोंद ठेवा : साधारण वय, स्त्री की पुरुष, वेळ आणि नकाराची तऱ्हा. जे 'उद्या या' म्हणाले आणि उद्या तिथे नव्हते, त्यांना नकारात मोजू नका. त्यांच्यासाठी वेगळा रकाना करा.