अतिप्रवाहात भोवऱ्यांमुळे विद्युतरोध कसा निर्माण होतो?

अनुस्वार:
गॅलियम आर्सेनाइडमधील दोन समांतर इलेक्ट्रॉन-थरांची एकूण भरणसंख्या (तीव्र चुंबकीय क्षेत्रात चुंबकीय प्रवाहाच्या प्रत्येक पुंजामागे असलेले इलेक्ट्रॉन) १ असली की एका थरातील इलेक्ट्रॉन दुसऱ्या थरातील होलशी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेशी, जोडी जमवतो आणि या जोड्यांचा अतिप्रवाह, म्हणजे विनारोध प्रवाह, होतो, असे वाचले. मग २००४ च्या प्रयोगांत थरांमधून परस्परविरुद्ध दिशांनी प्रवाह सोडल्यावर लांबीच्या दिशेचा रोध तापमानाबरोबर घटत गेला, पण नाहीसा का झाला नाही? कारण म्हणून अतिप्रवाहातल्या भोवऱ्यांकडे, म्हणजे ज्या बिंदूंभोवती जोड्या गोल फिरतात त्यांच्याकडे, बोट दाखवले जाते; पण भोवरा फिरल्याने विद्युतदाब का यावा, हेच मला उमगत नाही.

चुंबकसूची:
भोवरा जागच्या जागी असेल तर काहीच बिघडत नाही. तो प्रवाह ओलांडून आडवा सरकला तरच रोध दिसतो. येथील प्रवाह म्हणजे नमुन्याच्या लांबीभर फेजला (सगळ्या जोड्यांच्या सामाईक तरंगाच्या कलेला) दिलेला पीळ. एक भोवरा या काठावरून त्या काठाला गेला की पिळातला एक पूर्ण वेढा सुटतो आणि प्रवाह टिकवण्यासाठी बाहेरच्या स्रोताला तो पुन्हा भरावा लागतो. हा वेढे सुटण्याचा दर जोसेफसनच्या नात्याने (फेज बदलण्याचा दर विद्युतदाबाच्या प्रमाणात असतो, या नियमाने) थरांमधल्या विद्युतदाबाशी बांधलेला आहे. मात्र अतिवाहकात जेथे इलेक्ट्रॉनच्या भाराची दुप्पट येते, तेथे येथे एकपटच येतो. हिशेब केला तर दोन टोकांत १ मायक्रोव्होल्टचा फरक पडण्यासाठी सेकंदाला सुमारे २४ कोटी भोवरे ओलांडून जायला हवेत. आकडा डोळे विस्फारणारा आहे खरा!

अनुस्वार:
पण कोस्टरलिट्झ-थाउलेस तापमानाखाली (ज्याच्या वर भोवऱ्यांच्या जोड्या सुटतात त्या तापमानाखाली) उलटसुलट भोवरे जोडीने बांधलेले असायला हवेत ना?

चुंबकसूची:
निर्दोष नमुन्यात, होय. येथील भोवऱ्यांवर मात्र अर्ध्या इलेक्ट्रॉनइतका, धन किंवा ऋण, भार असतो. त्यामुळे अशुद्धींनी खडबडीत केलेल्या विभवाच्या खळग्यांत ते एकेकटे अडकून बसतात आणि उष्णतेच्या धक्क्याने एका खळग्यातून दुसऱ्यात उडी घेतात. तापमान उतरेल तसा रोध झपाट्याने घटतो, तरी शून्य होत नाही, याचे हे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ह्यूज यांनी २००५ मध्ये अशाच एकट्या भोवऱ्यांच्या हालचालीचा विचार मांडला. भारामुळेच दोन्ही थरांतून एकाच दिशेने प्रवाह सोडला, तरी हॉल विद्युतक्षेत्र (चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाहाला आडवे निर्माण होणारे क्षेत्र) भोवऱ्यांना आडवे ढकलते.

अनुस्वार:
मग परस्परविरुद्ध प्रवाहांत उलट फिरणारे भोवरे विरुद्ध काठांकडे गेले की परिणाम छेदला जाणार नाही का?

चुंबकसूची:
नाही. फिरणेही उलट आणि जाणेही उलट, म्हणून पीळ दोघेही एकाच बाजूने सोडवतात.